रायगोंडाअण्णांच्या पंपाचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला नियंत्रक आहे. घरातले मला नुसतं ‘डबा’ म्हणतात. सांगलीजवळच्या एका खेड्यात ऊस पिकवणारे रायगोंडाअण्णा मला कमरेच्या पट्ट्याला अडकवून वागवतात. त्यांचं हृदय थकलं, तेव्हा डॉक्टरांनी छातीत रक्त ठोक्यांशिवाय, सलग ढकलणारा छोटा पंप बसवला. त्याची वायर पोटातून बाहेर येऊन मला जोडली आहे. पंप किती वेगाने फिरवायचा, ते मी बघतो. अंगातलं पाणी घटलं की हृदयात रक्त कमी येतं. मग मी वेग आपोआप उतरवतो आणि शिट्टी वाजवतो.

सुरुवातीला गावातली माणसं मला कौतुकाने बघायला यायची. पुढे सवय झाली. अण्णा झोपतात, मला झोप नाही.

गेल्या अनंत चतुर्दशीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, अण्णांनी पाण्याशिवाय उपवास धरला. डॉक्टरांनी मनाई केली होती.

“आवं, पाणी तरी घ्या की,” त्यांच्या पत्नी चंदनबालाकाकू म्हणाल्या.

“लहानपणापासनं कवा मोडला न्हाई,” अण्णा म्हणाले.

जैन मंदिरात पूजा चालली होती. मी शिट्टी वाजवली, लोक वळून बघू लागले. अण्णांना ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मला उपरण्यात गुंडाळलं. मी वेग उतरवला, थोडा वाढवून पाहिला, पुन्हा उतरवला. मला नेमून दिलेल्या किमान वेगाखाली जाणं शक्य नव्हतं. अण्णा खांबाला टेकून खाली घसरले.

शेजारच्या अमृतने त्यांचं मनगट धरलं. “काकू, नाडी लागंना.”

“पंप बसल्यापासनं त्यांची नाडी लागतच न्हाई. तू गाडी काढ.” काकूंनी उपरणं उलगडून माझा लाल दिवा पाहिला आणि पाण्याचा पेला अण्णांच्या ओठांना लावला. अण्णा शुद्धीवर होते, पण त्यांनी तोंड मिटून घेतलं.

काकूंचाही तोच उपवास होता, लग्न झाल्यापासून दरवर्षीचा. त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि पेल्यातला एक घोट आधी त्या स्वतः प्यायल्या.

“माझा मोडला. आता तुमी घ्या.”

अण्णा घोट घोट प्यायले. सांगलीतल्या विश्रामबागच्या दवाखान्यात सलाईन लागलं, तसा मी वेग हळूहळू वर नेला.

परतताना गाडीत अण्णांनी विचारलं, “तू कशाला मोडलास?”

“एकटीनं पुरा करून काय करू?” काकू म्हणाल्या.

घर येईपर्यंत अण्णांचा हात काकूंच्या हातावर होता.

आता माझी बटणं झिजली आहेत, पडदा अंधुक झाला आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी नवा नियंत्रक येणार आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या जिवासाठी असं यंत्र जागत असेल, तर त्याच्या शिट्टीवर कापड टाकू नका. आधी त्या माणसाकडे बघा.

वायर माझ्यातून काढून नव्यात लावताना पंप क्षणभर थांबेल. तेवढा क्षण अण्णांना सोसावा. नव्याचा हिरवा दिवा लागलेला दिसला, की मी बंद व्हायला मोकळा.