आत्याने मागून घेतलेला कचरा

मंडळी, बंद पडलेल्या यंत्राचं करायचं काय, हा प्रश्न तुमच्या-आमच्या सगळ्यांच्याच घरात आहे. दूर दक्षिण समुद्रातल्या वावाऊ बेटावरच्या लोसालिनेच्या घरात तर त्याने कहरच केला होता.

तिचा एकुलता एक मुलगा सेमिसी ऑकलंडला कामाला. वर्षातून दोनदा जहाजाने त्याचं पिंप यायचं. वर साबण, चादरी, मटणाचे डबे, आणि तळाशी कुणाकुणाचे जुने टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल. निम्मे येतानाच मेलेले, उरलेले चार दिवसांत राम म्हणायचे! टाकावेत, तर पोराने घाम गाळून पाठवलेली भेट. ठेवावेत, तर पाय ठेवायला जागा नाही. खाजणात फेकावेत, तर तिथलेच खेकडे आपण खातो. नवरा पेआ म्हणाला, "जाळून टाकू, तांबं तरी सुटेल." पण तो धूर बसणार छपरावर, आणि प्यायचं पाणी येतं छपरावरूनच. बिचारीचं डोकंच चालेना.

शेवटी तिने सगळं आतल्या खोलीत रचलं. तिथेच सेमिसीच्या लग्नासाठी केलेलं झाडाच्या सालीचं कापड गुंडाळून ठेवलं होतं. गल्लीतल्या बायकांबरोबर साल कुटून कुटून तिच्या हातांना घट्टे पडले होते, आणि लग्न आलं होतं तोंडावर.

शनिवारी थोरली नणंद फिफिता ते कापड बघायला आली. तिची चाहूल लागताच पेआ मागच्या दाराने सटकला. बहीण घरात असली की भावाने तिथे बसायचं नाही, हा तिथला शिरस्ताच आहे.

"अगं लोसा, हे घर आहे की भंगाराचं गोदाम?"

"सेमिसीने पाठवलंय, वन्सं."

"यातलं चालतं काय?"

"तो लॅपटॉप मी रोज चार्जिंगला लावते. होईल एखाद दिवशी सुरू."

"रोज? अगं, तो पावासारखा फुगलाय! आधी काढ ती पिन—"

बोलणं पुरं होण्याआधीच लॅपटॉप फुसफुसला, धूर आला, आणि भसकन जाळ झाला! कापडाच्या कडेने पेट घेतला. फिफिताने भिंतीवरचं बटण बंद केलं, धावत जाऊन अंगणातली वाळू बादलीभर आणून ओतली, आणि फावड्याने तो लॅपटॉप दाराबाहेर लोटला. लोसालिने नुसती कापड ओढत राहिली. त्याचा एक कोपरा काळाठिक्कर झाला होता.

ती तिथेच बसून रडू लागली.

"कोपऱ्याचं काय घेऊन बसलीस! रात्री झोपेत पेटलं असतं म्हणजे?" फिफिता खेकसली.

"मग मी करू तरी काय, वन्सं? पोराची भेट फेकली, तर त्याला काय वाटेल? आईला माझी किंमत नाही, असंच ना!"

फिफिताने फावडं खाली ठेवलं. मग पदरी मान असलेल्या बाईसारखी ताठ झाली.

"लोसालिने, मी सेमिसीची आत्या. आपल्या रीतीने या घरातलं मी जे मागेन, ते मला द्यायचं. खरं की नाही?"

"खरं." लोसालिनेने कापड छातीशी घट्ट धरलं. आता ही लग्नाचं कापडच मागणार!

"मग हा सगळा ढीग मला दे."

"हा कचरा? वन्सं, तुम्हाला?"

"कचरा कुणाला म्हणतेस? माझा मान आहे तो! आत्याने नेलं, म्हणजे तू काही फेकलं नाहीस. बास!"

लोसालिने आधी बावरली, मग रडता रडता हसू लागली.

फिफिताने तिथूनच सेमिसीला स्पीकरवर फोन लावला. "पोरा, पाठवण्याआधी एकतरी वस्तू चालू करून बघितलीस का रे?"

"नाही, आत्या. माझ्या खोलीत अडगळ व्हायची. वाटलं, आईच्या उपयोगी पडेल."

"ही यंत्रं नीट सोडवणारा कारखाना तुझ्या शहरात आहे, आमच्या बेटावर नाही. आणि तू ती समुद्र ओलांडून आईच्या उशाशी पाठवतोस? आज तुझी आई जळाली असती!"

पलीकडून रडका आवाज आला. "आई, तू कधी बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार, बाळा? तू पाठवलेलं होतं ना ते," लोसालिने म्हणाली. "आता पिंपात काही घालू नकोस. तू ये फक्त."

रविवारी कामाला हात लावायचा नसतो, म्हणून सोमवारी दोघी नणंद-भावजया बसल्या. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली, ज्या फुगल्या होत्या त्या वाळूच्या डब्यात घालून घरापासून लांब ठेवल्या, आणि सगळं फिफिताला ठाऊक असलेल्या, धक्क्याजवळच्या जुनी यंत्रं गोळा करणाऱ्या शेडमध्ये नेऊन दिलं. परतीच्या जहाजाने कारखान्याकडे न्यायची जबाबदारी तिथल्या लोकांनी घेतली.

तेव्हा मंडळी, जुनं यंत्र कुणाला द्यायला उचलाल, तेव्हा आधी ते चालू करून बघा. चालत नसेल, तर ते जिथे नीट सुटं करतात तिथेच पोचवा. आणि काहीही झालं, तरी ज्या माणसाला मायेपोटी तुम्हाला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या घरात टाकू नका!