आतल्या पानावरची दुरुस्ती

नाट्यगृहाच्या आगीवर थोरली सहा वर्षं संशोधन करत होती. वाचनालयाच्या तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसून तिला कायमची सर्दी जडली होती. पुस्तक मात्र ‘होतंय, होतंय’वरच अडलेलं. आणि धाकट्या बहिणीने काय केलं? घरबसल्या कॉम्प्युटरवर ‘नाट्यगृह’ आणि ‘आग’ एवढं टाइप केलं नि पंधरवड्यात व्याख्यान उभं केलं! आयत्या बिळावर नागोबा. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी धाकटीने कागद पुढे केले. “ताई, जरा नजर टाक ना. यातलं तुझ्याइतकं कोणाला कळतंय?”

वाचता वाचता थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आगीच्या दुसऱ्या दिवशीची बातमी धाकटीने जशीच्या तशी उचलली होती: दारवान कुलूप घालून पळाला. गठ्ठे चाळणारा माणूस पुढचे आठ-दहा अंकही पाहतोच. थोरलीने पाहिले होते. नंतरच्या एका अंकात, आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली चार ओळींची दुरुस्ती होती. दारवान पळाला नव्हता. मागचं दार उघडताना तो आतच जळाला, प्रेताची ओळख उशिरा पटली. ही दुरुस्ती तिने आपल्या पुस्तकासाठी दडवून ठेवली होती. ताकास तूर लागू दिली नव्हती.

“छान झालंय,” ती म्हणाली. मनात म्हणाली, पड आता चारचौघांत तोंडावर.

व्याख्यानाला टाळ्यांचा पाऊस पडला आणि थोरलीच्या पोटात आणखीच दुखायला लागलं. प्रश्नोत्तरं सुरू होताच ती ताडकन उठली. दुरुस्ती तिने तारखेसकट म्हणून दाखवली. धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. आता टाळ्या आपल्याला, असं थोरलीला वाटलं.

टाळ्या आल्याच नाहीत. मागच्या रांगेतून एक वयस्क बाई उठल्या.

“मी त्या दारवानाची मुलगी. पहिली बातमी आली तेव्हा लोकांनी आमच्या घरावर दगड मारले. आम्ही रातोरात शहर सोडलं. बाबा परत आलेच नाहीत.” त्या थोरलीकडे वळल्या. “ते पळाले नव्हते?”

“नाही.”

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“झाली... पाच वर्षं.”

बाई खाली बसल्या.

“आई मागच्याच वर्षी गेली हो,” त्या म्हणाल्या. “शेवटपर्यंत बाबांना शिव्या देत होती.”