जिंकतोय तोवर कुणी हलायचं नाही

जर आपण जिंकलो

तर गुणांत बंदरवाल्यांना गाठतो. पण नुसतं गाठून भागत नाही, त्यांनी कुठेतरी ठेच खाल्ली पाहिजे. त्यांनी ठेच खाल्ली आणि गिरणीवाले बरोबरीत अडकले, तर आपण चौथे. चौथे म्हणजे प्लेऑफ, पुढची बाद फेरी. गिरणीवाले जिंकले, तर गोलफरक. गोलफरकही सारखाच निघाला, तर...

"तर कॅप्टन बघून घेईल," चष्मेवाल्याचा हिशोब तोडत कंडक्टर म्हणाला, आणि तिघांनी एकदम खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभी होती. तिनेही पाहिलं. खुर्चीपुढच्या स्टुलावर चहाचा चौथा कप होता. तो तिनेच भरला होता, आणि मॅच संपली की तिनेच तो बेसिनमध्ये ओतून टाकायचा होता.

कॅप्टन म्हणजे तिचा नवरा. जन्मात त्याने कधी चेंडूला पाय लावला नव्हता. लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, आणि घरी आला की त्या खुर्चीतून टीव्हीवरच्या आपल्या संघाला, हिरव्यांच्या अकराही जणांना हुकूम सोडायचा. डावीकडे बघ रे, आंधळ्या. दे, दे, दे की. बस, घातली पाण्यात. त्यावरून मित्रांनी हे नाव ठेवलं. हिवाळ्याच्या शेवटी, एका साध्यासुध्या गुरुवारी, कामावर असतानाच त्याचं हृदय थांबलं. तिघांनाही ते ठाऊक होतं, तिघेही त्या दिवशी स्मशानापर्यंत सोबत होते. रविवारी मात्र ती गोष्ट कुणी काढत नसे.


जर त्या दिवशी टीव्ही लावलाच नसता

तर यातलं काहीच झालं नसतं.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिघे तिला भेटायला आले. चष्मेवाला वयाने मोठा, चष्म्यांच्या दुकानात दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणारा. तो नुसता छताकडे बघत राहिला. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा; तो नखांत अडकलेला रंग काढत बसला. कंडक्टरला शांतता सोसत नाही, आयुष्य बसच्या खडखडाटात गेलेलं. त्याचा हात आपसूक रिमोटवर पडला. टीव्ही लागला. मग तो ओशाळला आणि त्याने आवाज तेवढा बंद केला.

हिरवे तेव्हा तळाला होते. जिंकणं म्हणजे काय, ते विसरून गेले होते. ती चहा घेऊन दारापर्यंत आली आणि ट्रेमध्ये सवयीने चार कप झाल्याचं तिच्या लक्षात आलं. पाय तिथेच थिजले. तेवढ्यात हिरव्यांनी गोल केला. पेंटर रडायला लागला. कशासाठी, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

पुढच्या रविवारी तिघे पुन्हा आले, जरा अंग चोरून. तेच शर्ट, त्याच जागा, टीव्ही मुका. "वहिनी, तुम्ही तिथेच थांबलात तर..." चष्मेवाला घुटमळला. ती थांबली. हिरवे जिंकले.

मग काय. जमलेल्या गोष्टीला हात लावायचा नसतो. जिंकतोय तोवर कुणी हलायचं नाही, असं ठरलं, म्हणजे ठरवलं कुणीच नाही. खिडकी अर्धी उघडी. पडदा एका बाजूला ओढलेला. कपात साखर त्याला लागायची तेवढी. रविवारमागून रविवार हिरवे एकेक पायरी चढत गेले, आणि तिघांचं बोलणं "बिचारा कॅप्टन"वरून "कॅप्टनची कृपा"वर कधी आलं, ते तिला कळलंही नाही.

मुक्या टीव्हीमुळे आणखी एक झालं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा टीव्ही यांच्यापेक्षा जरासा पुढे चालायचा. तिकडे ओरडा व्हायचा आणि इकडे पडद्यावर अजून काही घडलेलंच नसायचं. मग तिघे श्वास धरून बसायचे. आधी आवाज, मग गोष्ट. तिघांना त्यात गंमत वाटायची. तिला वाटायचं, या घरात आता सगळं असंच येणार, आधी आवाज.


जर फोम चांगला असेल

तर तो उठतो. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. फर्निचरच्या दुकानामागच्या शेडमध्ये ती सोफ्यांच्या गाद्या भरायची. फोम कापायचा, खोळ ताणून चढवायची, पिना ठोकायच्या. बसून बसून मेलेला फोमसुद्धा, कुणी बसायचं थांबलं की थोडा तरी वर येतो. माणसाचं वजन हळूहळू विसरतो. ही खुर्ची तिने स्वतः भरली होती, शेडमधला सगळ्यात चांगला फोम मागून घेऊन.

कॅप्टनला कमरेचं जुनं दुखणं. डाव्या अंगावर भार टाकून बसायचा, म्हणून खळगा डावीकडे खोल. हिवाळा गेला, रस्त्यावरच्या झाडांना पानं आली, खळगा तसाच. एका सोमवारी कामावर निघण्यापूर्वी तिने त्यात तळहात ठेवून पाहिला. आदल्या दिवशी हिरव्यांनी बंदरवाल्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. खळगा कमी झाला नव्हता. वाढला होता.

शेडमध्ये शेजारच्या मशीनवालीला तिने सहज म्हणून विचारलं, कुणी न बसताही फोम खचतो का ग.

"उंदीर बघ," ती म्हणाली.

तिने उंदीर शोधून पाहिले. उंदीर नव्हते. त्यानंतर ती स्वयंपाकघरातच जेवायला लागली, दाराकडे पाठ न करता.


जर हरलो

हे कुणी बोलायचं नाही.


जर खोळ धुतली

धाकटी बहीण दुसऱ्या गावात शिवणकामाचं दुकान चालवायची. दुकानावरची खोली रिकामी होती, कामाला घरचं माणूस हवं होतं. ताई, तू ये, सगळं तिथेच टाकून ये, असं ती फोनवर सांगून सांगून थकली होती. जायचं हिलाही होतं. पण नवऱ्याला या तिघांच्या हवाली करून कशी जाणार? माणूस गेला की त्याला जाऊ द्यावं, एवढं साधं होतं. जिवंतपणी लिफ्टनी सोडलं नाही, रात्री-बेरात्री बोलावणी. मेल्यावर हिरवे सोडत नव्हते. दर रविवारी ओढून आणायचे, खुर्चीत बसवायचे आणि एकच गोल दे म्हणायचे.

शेवटची मॅच तोंडावर आली तेव्हा चहा देता देता तिने सांगून टाकलं, खुर्चीची खोळ धुवायला काढते म्हणून. कंडक्टरने बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तिथेच विरघळलं.

"धुवा ना वहिनी, कोण नाही म्हणतंय," चष्मेवाला म्हणाला. "फक्त एवढा एक रविवार."

"मागच्या महिन्यातही एकच रविवार होता."

"तेव्हा आपण नववे होतो हो."

पेंटरने मान खाली घालून विचारलं, कॅप्टनला त्रास होतोय का. थट्टा करत नव्हता.

"दमलेत ते," ती म्हणाली.

कुणी हसलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मग कंडक्टर समजुतीच्या सुरात बोलायला लागला. ज्या दिवसाची कॅप्टनने आयुष्यभर वाट पाहिली तो दिवस हाताशी आलेला, आता तो कसला दमतोय; आणि दमला तरी उठून जाणाऱ्यातला तो नाही, वहिनी, आपण ओळखतो की त्याला.

हे खरं होतं. नेमकी याचीच तिला भीती होती.


जर हरलो

तर खुर्चीतले ते सुटतील. ते सुटले तर ती सुटेल. चष्मेवाल्याच्या हिशोबासारखाच हाही जर-तरचा हिशोब, फक्त तो ती एकटीच मांडत होती. बहिणीला तिने कळवून टाकलं, रविवारी मॅच संपली की निघते. पिशवी भरून स्वयंपाकघरात ठेवली.


जर बरोबरी सुटली नाही

तर संपलं.

मॅच सरत आली होती आणि एक-एकवर अडली होती. गिरणीवाले हरल्यातच जमा होते. पडद्याखालच्या पट्टीवर बंदरवाल्यांचा स्कोर सरकत होता. तेही बरोबरीत रुतले होते. म्हणजे सगळं जुळून आलं होतं, हवा होता तो एक गोल. चष्मेवाल्याने हिशोब करणं सोडून दिलं होतं. पेंटरच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण पहिल्या दिवशी त्याने घाम पुसला नव्हता, म्हणून आजही पुसत नव्हता.

तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं, वेळ सरू द्यायची. तिने खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

गोल होण्याची वेळ आली की बसलेला माणूस खुर्चीच्या कडेला सरकतो. खळगा तसा पुढे सरकला. हळूच, डावीकडून. फोम मागे उठला, पुढे दबला.

तिने ट्रे खाली ठेवला आणि दार सोडलं.

तिघांनी तिला येताना पाहिलं. पण नियम त्यांचाच होता. उठून अडवावं तर तो मोडतो, बसून राहावं तरी मोडतो. कंडक्टरचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. पेंटरने डोळे मिटून घेतले. तिघे आपापल्या जागी खिळ्यांनी ठोकल्यासारखे, आणि त्यांच्यामधून ती चालत खुर्चीपाशी गेली.

"उठा आता," ती म्हणाली. सकाळी कामावर जायला उठवायची त्याच आवाजात. आणि बसली.

फोमने तिला आत घेतलं. तो गार नव्हता.

भिंतीपलीकडे ओरडा झाला.

पडद्यावर अजून काहीच नव्हतं. चेंडू मधल्या रेषेपाशी, हिरव्यांचा एक जण पाठमोरा. शेजारी दोन्ही बाजूंच्या गोलांना सारखाच ओरडायचा, त्यामुळे कुणाचं काय झालं, कळायला मार्ग नव्हता. हरा, ती मनात म्हणाली. हरा, आणि जाऊ द्या त्यांना. चेंडू उजवीकडे गेला, गर्दीत सापडला, परत आला. तिचं अंग डाव्या बाजूला कललं. तिने कलवलं नव्हतं. कमरेत एक कळ उठली, जी तिची नव्हती, आणि तिच्या तोंडून निघालं, "डावीकडे बघ रे."

पडद्यावरच्या हिरव्याने डावीकडे पाहिलं.

चेंडू जाळ्यात गेला तेव्हा खोलीत कुणी उड्या मारल्या नाहीत. तिघे पडद्याकडे बघतच नव्हते. तिच्याकडे बघत होते, आणि ज्या नजरेने ते दर रविवारी त्या खुर्चीकडे बघायचे, तीच ही नजर होती.

"वहिनी," चष्मेवाला अगदी हळू म्हणाला, "आता हलू नका."

ती हलली नाही. पक्का नियम होता तो, आणि खरं सांगायचं तर गोल झाल्यावर तिच्या छातीत जे उसळलं होतं ते दुःख नव्हतं. पडद्यावर माणसं एकमेकांवर आवाज न करता कोसळत होती. थोड्या वेळाने पट्टीवर बंदरवाल्यांचा शेवटचा स्कोर आला. बरोबरीच. हिरवे चौथे.


जर हरलो असतो

तर आत्तापर्यंत पिशवी तिच्या हातात असती.

पेंटरने कप आत नेऊन ठेवले. तिघे दबक्या पावलांनी दारापर्यंत गेले आणि तिथे त्यांचं पुढच्या रविवारचं बोलणं झालं. वहिनी खुर्चीत, हे आता ठरल्यासारखंच होतं. पण मग ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात कोण उभं राहणार, हा मुद्दा कंडक्टरने काढला. जागा रिकामी ठेवून कसं चालेल? चष्मेवाल्याने त्या दाराकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि त्याची काळजी नको म्हणाला. जिन्यावरून तिघांची पावलं उतरत गेली. रस्त्यावर पोचल्यावर मात्र कंडक्टर ओरडलाच. तेवढं ऐकून तिला हसू आलं.

आता तिला उठायला कुणाची आडकाठी नव्हती. ती बसून राहिली.

फोन वाजला. बहीण. मॅच संपली का, निघालीस का, कुठल्या गाडीने येतेस, मी घ्यायला येते. उत्तर मिळेना तशी ती चिडली, रुसली, पुन्हा समजावायला लागली. खोली झाडून ठेवल्याचं तिने सांगितलं, खिडकीला पडदे लावल्याचं सांगितलं.

"हरलो असतो तर निघाले असते," ताई म्हणाली.

बहिणीला काही कळलं नाही. ती बोलता बोलता थांबली.

"ताई, तुझ्याकडे अजून कुणी आहे का ग? कपांचा आवाज येतोय."

ताईने कान दिला. आत कुणीतरी कप विसळत होतं, कधी सवय नसलेल्या हातांनी, एकावर एक आपटत.

"आहेत ते," ती म्हणाली. "प्लेऑफ होईपर्यंत आहेत."