कॅप्टन धरलेला नाही

"यात काय काय धरलेलं आहे आणि काय नाही, ते एकदा वाचून घ्या," असं म्हणत बोटीच्या कचेरीत काउंटरवरच्या बाईंनी दोन पानं तिच्यापुढे सरकवली.

कागद वाचण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. लोकांना बारीक अक्षर दिसावं म्हणून त्याने आयुष्यभर काचा घासल्या, पण स्वतः एखाद्या कागदाची मागची बाजू पाहिली असेल तर शपथ! तिकिटं आणायचा ती चुकीच्या तारखेची. भिंत रंगवायला घ्यायचा, तर अर्ध्यावर रंग संपायचा. "मी घेतो बघून" हे त्याचं पालुपद, आणि शेवटी बघायची ती. चार महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तो दुकानातच कोसळला आणि गेला. तेही काम अर्धवटच राहिलं.

पाचव्या दिवशी ती कामावर हजर झाली. इस्पितळाच्या लाँड्रीत ती इस्त्री विभाग सांभाळायची. चादरी येत होत्या, घड्या पडत होत्या, दिवस जात होते. तिला काही वाटत नव्हतं आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा! लेकीला तर तिची काळजीच वाटायला लागली होती.

मग गेल्या आठवड्यात बोटवाल्यांचा फोन आला. लग्नाला तीस वर्षं होतात त्या दिवसासाठी त्याने सगळे पैसे भरून अख्खी यॉट चार तासांसाठी ठरवून ठेवली होती. घरात कुणाला पत्ता नाही. लेक म्हणाली, "आई, राहू दे ना." ती म्हणाली, "जायचं." त्याने ठरवलेलं एक तरी काम तडीस जावं, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात टिकून होती.

तिने वाचायला सुरुवात केली. डिझेल धरलेलं आहे, चार तासांपुरतं. लाइफ जॅकेट आहेत. फ्रीज आहे, बर्फ नाही. चादरी आहेत, टॉवेल नाहीत. भांडी आहेत, ती घासून ठेवायची आहेत. दुसऱ्या धक्क्याला बोट लावायची तर तिथलं भाडं वेगळं. आणि पान उलटल्यावर, सगळ्यात खाली, लाँड्रीतल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या अक्षरात: कॅप्टन धरलेला नाही.

"म्हणजे चालवणार कोण?" लेकीने विचारलं.

"कॅप्टन तुम्ही बरोबर आणणार होता ना?"

"आम्ही दोघीच आहोत," लेक म्हणाली. बाई म्हणाल्या, "आमच्याकडचा हवा असेल तर दोन दिवस आधी सांगावं लागतं. आज आमचे तिन्ही कॅप्टन बाहेर गेलेत. आणि परवाना असलेला माणूस असल्याशिवाय मी दोर सोडू देऊ शकत नाही हो."

"अहो, पण बिनकॅप्टनची बोट घेईल कोण?" लेकीचा पारा चढला. "माझ्या वडिलांना साधी सायकल धड येत नव्हती! तुम्ही विचारलं नाही त्यांना?"

"विचारलं होतं तर!" बाईंनी खणातून अर्ज काढला. "हे बघा. 'कॅप्टन हवा का?' त्यांनीच लिहिलंय."

त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: नको. आमची आमच्याबरोबरच असते.

तिने ते दोनदा वाचलं. घरात कॅप्टन कोण, हे सांगायची गरज नव्हती.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दोघं एका तळ्यावर गेली होती. ऐन मध्यावर त्याने एक वल्हं पाण्यात घालवलं आणि ते पकडायला उभा राहिला. नाव अशी कलली की बस्स. ती ओरडली होती, "हलू नका! नीट बसा!" तो शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घालून तळाशी बसला आणि तिने एका वल्ह्यावर नाव काठाला आणली. त्या दिवसापासून तो तिला नावाने हाक मारायचाच विसरला. कॅप्टन, चहा. कॅप्टन, माझे मोजे कुठे आहेत? हा किस्सा लेक लहानपणापासून ऐकत आली होती.

"मला वाटलं, खरंच कुणी कॅप्टन बाई आहेत," काउंटरवरच्या बाई सांगत होत्या. "मी फोन करून परवान्याचं विचारलं. तर म्हणाले, तीस वर्षांचा अनुभव आहे, एका वल्ह्यावर नाव आणते. म्हटलं, ते ठीक आहे, पण परवाना? तर म्हणाले, 'तो मलाच तिच्याकडून घ्यावा लागतो.' हसले खूप. वर म्हणाले, मी घेतो बघून."

लेक फसकन हसली आणि लगेच तिने तोंड दाबलं. आईला मात्र हसू आलं नाही. एवढंच कळलं, की हेही काम अर्ध्यावरच राहिलं.

"तारीख बदलता येईल," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"तारीख आजचीच आहे," ती म्हणाली. "बोट चार तास आमची आहे ना?"

"आहे की. फक्त हलणार नाही."

"नाही हलली तरी चालेल."

बाईंनी ताबा घेतल्याचा कागद पुढे केला. खाली छापलं होतं: कॅप्टनची सही. बाईंनी ते शब्द खोडायला पेन उचललं, तोवर तिने सही करून टाकली होती.

बोट दोन दोरांनी धक्क्याला बांधलेली होती. चढल्या चढल्या तिने आतल्या चादरी पाहिल्या. इस्त्री कच्ची होती, कडा जुळत नव्हत्या. तिने दोन्ही चादरी उलगडून पुन्हा घड्या घातल्या. मग ती वर येऊन सुकाणूच्या चाकापुढे बसली. लेक मागच्या बाकावर. दोघींनी थर्मासमधला चहा घेतला. पाणी होतं, ऊन होतं. तिला काही वाटत नव्हतं. असा तास गेला, दीड तास गेला.

लेक कप विसळायला उठली आणि तेवढ्यात शेजारून एक मोठी बोट जोरात निघून गेली. तिची लाट आली, दोर कचकन ताणले गेले आणि यॉट एका अंगाला कलली. तिने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं आणि मागे न बघताच ओरडली, "हलू नका! नीट बसा!"

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, आपण कुणाला ओरडलो ते. लेकीला ती कधीच अहो-जाहो करत नसे.

मागे लेक होती तिथेच, खाली डेकवर, हाताची घडी घालून बसली. "बसलेय, कॅप्टन," ती म्हणाली.

बोट केव्हाच स्थिर झाली होती. तिला मात्र समोरचं काही दिसत नव्हतं. ती हमसून हमसून रडत होती, आणि हातातलं चाक काही तिने सोडलं नाही.