मी एनॉकचा उजवा बूट

मी उजवा बूट. डावा कुठे गेला ते मला ठाऊक नाही. त्याची चौकशी कधी कुणी केलीच नाही. सूतगिरण्यांच्या गावातल्या एका मोच्याने मला घडवलं, तेव्हा माझं चामडं लाकडासारखं टणक होतं. एनॉक थ्वेट मला पायात घालून तासभर गरम पाण्याच्या टबात बसला, तेव्हा कुठे मी त्याच्या पायाचा झालो.

एनॉक आधी कोळशाच्या खाणीत होता, मग गावच्या फुटबॉल संघात आला. दर शुक्रवारी तो मला चरबी चोळायचा. त्याची बायको हॅना गिरणीतून दमून यायची आणि वैतागायची.

"माझे हात सोलवटून निघालेत, त्यांना कधी लावलीस का रे चरबी?"

"तू कुठे गोल मारतेस?"

मला फार बरं वाटायचं. गर्विष्ठच होतो मी, खोटं कशाला बोलू?

एकोणीसशे आठच्या फेब्रुवारीत शेजारच्या गावाशी कपचा सामना होता. विसाव्या मिनिटाला एक आडदांड गडी एनॉकच्या घोट्यावर आदळला. माझ्या आत काहीतरी कडकन मोडलं. ते फक्त आम्हा दोघांना ऐकू आलं.

तेव्हा बदली खेळाडू नसे. जायबंदी माणसाला मैदानाच्या कडेला उभं करायचे, म्हणजे निदान समोरचा एकजण त्याच्यापाशी अडकून राही. मध्यंतरात संघाचे प्रशिक्षक क्लेग गुडघ्यावर बसले.

"बूट काढायचा नाही हं. काढलास तर पाय परत आत जायचा नाही."

"मास्तर, बोटं कळत नाहीयेत मला."

"बरंच झालं. दुखणार तरी नाहीत."

त्यांनी पाय रोवून माझी नाडी आवळली. माझी एक शिवण सैल झाली होती. मी तिथे उसवलो असतो तर एनॉक बाहेर बसला असता. पण मी जीव खाऊन धरून राहिलो. ते माझं पाप.

शेवटच्या मिनिटांत चेंडू कडेला आला आणि एनॉकने तो माझ्याच टोकाने मारला. गोल! लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन तीन तास गावभर मिरवलं. मला काढायचं कुणाला सुचलं नाही. घरी हॅनाने पाव कापायच्या सुरीने मला चिरलं, आतला पाय पाहिला आणि डॉक्टरांना आणायला धावली.

"इतका वेळ आवळून कुणी ठेवला?" डॉक्टरांनी विचारलं.  चौथ्या दिवशी पाय कापला.

आज मी दारूच्या गुत्त्यात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे, 'जिद्द'. दर शनिवारी सामन्याआधी खेळाडू माझ्या काचेला हात लावून जातात. एनॉक कोपऱ्यात कुबड्या घेऊन बसतो, लोक त्याला बिअर पाजतात आणि तो मान डोलावतो.

गेल्या शनिवारी संघातला नवा गडी सग्डन आला. त्याचा गुडघा टम्म सुजला होता, वर करकचून पट्टी होती. म्हातारे क्लेग म्हणाले, "एनॉककडे बघ. रडला का तो?"

"रडलो," एनॉक म्हणाला. "घरी जाऊन ढसाढसा रडलो. पोरा, पट्टी सोड. आज खेळू नकोस."



"थट्टा करतोय लेकाचा!" क्लेग हसले. मग सगळेच हसले.

सग्डनने काचेला हात लावला.  तो लंगडत बाहेर पडला. एनॉक त्याला हाका मारत कुबड्या सावरून उठेपर्यंत दार लागलं होतं.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी इथे आलात, तर एवढं करा. पेटी फोडा आणि मला शेगडीत टाका. जळत्या चामड्याची घाण सुटेल, तेवढी सोसा. पण पुढच्या शनिवारच्या आत या.