पायवाटेवरची खुर्ची

सॅन्टनने उभा जन्म डांबरी रस्त्यांवर देखरेख केली आणि निवृत्त झाल्यावर होळी बाजाराच्या मागे मातीची वाट बांधायला घेतली. गावाला हसायला फुकटचा विषय मिळाला. "आयुष्यभर डांबर ओतलं, आता म्हातारपणी माती खातोय," असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. वाट गावासाठी आहे असं तो सगळ्यांना सांगत असला, तरी ती होती आल्बिनासाठी.

आल्बिना त्याची बायको. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं, आणि ती घरात बसली ती बसलीच. मोठ्या रस्त्यावर टँकर नि रिक्षा अंगावर येतात, हे तिचं म्हणणं खरंच होतं. पण अर्ध्या गावाला वर्गात बाकावर उभं करणारी ही टीचर खिडकीत बसून चर्चमधल्या मिस्सेची, म्हणजे प्रार्थनेची, घंटा ऐकते, हे सॅन्टनला बघवत नव्हतं.

चर्चपर्यंतची वाट जाणार होती शेजारच्या एकनाथच्या केळीच्या वाडीतून. एकनाथने वाटेसाठी वाडीचा बांध दिला, पण अट घालून. "सिमेंट नाय, पेव्हर नाय. आज सिमेंट येतं, उद्या टेम्पो येतो, परवा बिल्डर."

मग काय, मुरूम आला. पाणी मारलं, धुमसाने ठोकलं, क्रिकेटच्या मैदानावरचा रूळ चौघांनी ओढत आणला. पाणी साचू नये म्हणून सॅन्टनने वाटेला मधोमध किंचित फुगवटा ठेवला आणि तो दिवसातून दहा वेळा वाकून बघितला.

"घराच्या जमिनीला कधी एवढा जीव लावला नाय," आल्बिना खिडकीतून म्हणाली.

वाट चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची, दोघांची होती. पण ती एवढी गुळगुळीत झाली की नालासोपाऱ्यापासूनची पोरं गिअरच्या सायकली घेऊन येऊ लागली. आल्बिना पहिल्यांदा काठी टेकत बाहेर पडली आणि एक सायकल तिच्या पदराला वारा घालून गेली. काठी पडली. ती मागे फिरली.

"छान झालीय तुझी वाट," ती म्हणाली. "सायकलींसाठी."

हे सॅन्टनला फार लागलं. त्याने 'हळू चालवा' अशी पाटी लावली, शिट्टी फुंकून पाहिली, शेवटी आडवा बांबू बांधला. त्या बांबूला अडखळून पहिला पडला तो एकनाथ. गाव पुन्हा हसलं.

एका दुपारी आल्बिनाने स्वतःच फाटकाबाहेर वाटेच्या कडेला खुर्ची मांडून घेतली आणि बसली. पहिला सुसाट आला तो गावातलाच जॉयल. आता आमच्या गावात मोठ्या माणसासमोरून सायकलवर बसून जायची पद्धत नाही, आणि आपल्या आईला शिकवलेल्या टीचरसमोरून तर नाहीच नाही. ब्रेक करकचले.

"मर्लिनचा ना तू? तुझी आई पण पाढे म्हणताना अशीच पळायची आणि सातावर आपटायची. ढकलत ने."

त्याने नेली. मागच्यांनीही नेली. पाहता पाहता परकी पोरंही उतरू लागली, इथे चेकिंग असतं असं समजून.

सॅन्टनने मग दुसरा उद्योग सुरू केला. संध्याकाळी आल्बिना घरात गेली की तो खुर्ची थोडी पुढे नेऊन ठेवी. आधी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाशी. मग केळीत. मग वाटेवरच्या क्रुसापाशी. आल्बिना बाहेर येई, खुर्ची शोधी, काहीतरी पुटपुटे आणि तिथवर चालत जाई. एकदा एकनाथने त्याला खुर्ची उचलताना पकडलं.

"आज दोन केळी जास्त पुढे ने," एकनाथ हळूच म्हणाला. "काल दमली नव्हती ती."

रविवारी मात्र सॅन्टनला हाव सुटली. त्याने खुर्ची थेट चर्चच्या फाटकात नेऊन ठेवली. क्रुसापासून तिथवर बसायला काहीही नाही, हे त्याच्या तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं. घंटा झाली. आल्बिना दिसेना. आपण घाई केली, ती आता पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाही, या विचाराने त्याला घाम फुटला.

मग केळीआडून ती आली, काठी टेकत, सावकाश. तिच्या मागे पोरांची रांग, सगळी सायकली ढकलत. टीचरच्या पुढे जायची एकाचीही छाती नव्हती.

सॅन्टनने लगबगीने खुर्ची पुढे केली. "बस, बस."

"बसायला आले होय मी? गुडघा गेलाय माझा, डोळे नाय. रोज खुर्ची कोण सरकवतो, दिसत नाय मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू थांबला असतास."

ती पायऱ्या चढली. सॅन्टन खुर्चीत टेकणार, एवढ्यात ती दारातून वळली.

"आणि मिस्सा संपायच्या आत ती खुर्ची घरी नेऊन ठेव. मला परत पण चालायचंय."

सॅन्टनची त्या दिवशीची मिस्सा बुडाली. खुर्ची डोक्यावर धरून तो आपल्या वाटेने घरी निघाला, आणि डोळे पुसायला त्याचा हात काही मोकळा नव्हता.