बॉनेटवरचा काळा रंग

डॉक्टर ईश्वरीबाईंची गाडी जरा चमकवावी, एवढंच विठाच्या मनात होतं.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका लांबलचक बराकीच्या टोकाला बाईंचा दवाखाना होता. पुढच्या खोलीत पेशंट, मागच्या खोलीत बाई एकट्या. फाळणीच्या साली त्या कराचीहून बोटीने आल्या, त्या या गाडीसकट. गाडीवर हिरामण ड्रायव्हर होता आणि विठा ही त्याची बायको, बाईंचं घरकाम बघायची. दोघं मूळची कुळगावची. बाईंनी त्यांना बराकीला लागून एक खोली दिली होती. आदल्या पावसाळ्यात विठाला टायफॉइड झाला, तेव्हा बाई तिच्या उशाशी बसून राहिल्या होत्या. त्याची कशी फेड करावी हे विठाला कळत नव्हतं. म्हणून ती न सांगितलेली कामंही करायची.

त्या सकाळी हिरामण पेट्रोल आणायला कॅन घेऊन कल्याणला गेला होता. बदलापूरच्या रस्त्याची लाल माती गाडीवर बसली होती. विठाने ती ओल्या फडक्याने पुसली. तरी काळा रंग निस्तेजच दिसत होता. हिरामण एका बाटलीतलं पॉलिश लावून गाडी घासायचा, हे तिने पाहिलं होतं. शेडमधल्या फळीवर तिला तशीच एक बाटली दिसली. बूच काढून तिने वास घेतला. एरंडेलाचा वास. तिचा बाप बैलगाडीच्या जुवाला एरंडेल चोळायचा, लाकूड कसं तुकतुकीत व्हायचं. तिने अर्धी बाटली बॉनेटवर ओतली आणि चोळायला घेतली.

पहिल्यांदा खरंच चमक आली. विठाला बरं वाटलं. चूल पेटवून, चहाचं आधण ठेवून ती परत आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

बॉनेटवरचा रंग फुगला होता. दूध उतू जायच्या आधी सायीला सुरकुत्या पडतात, तशा सगळ्या काळ्या रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या. तिने बोट लावलं, तर बोटाबरोबर रंगाची पापडी निघून आली. घाईघाईने तिने फडक्याने पुसायला घेतलं. जितकं पुसावं तितका रंग सुटत गेला. फडकं काळं झालं, हात काळे झाले, आणि तेल मात्र बॉनेटच्या कडेवरून खाली मडगार्डकडे ओघळायला लागलं. तिने नारळाची शेंडी आणून घासलं, तेव्हा रंगाचे लगदेच निघाले.

हिरामण फाटकातून आत आला तेव्हा ती हुंदके देत घासत होती. त्याने कॅन खाली ठेवला.

"काय लावलंस?"

"ती बाटली. एरंडेल होतं ना त्यात?"

त्याने बाटली उचलून हुंगली. "हे ब्रेकचं तेल आहे, विठा. रंग खातं हे." मग त्याने तिच्या हातातली शेंडी काढून घेतली. "घासू नको. साबणाचं पाणी आण, बादलीभर."

दोघांनी मिळून बॉनेट धुतलं. काळा गाळ वाहून गेला आणि खालून निळा रंग वर आला. लख्ख निळा, कुठेही ओरखडा नाही. हिरामण वाकून बघत राहिला.

"हा कंपनीचा रंग दिसतोय," तो म्हणाला. "भट्टीत भाजलेला. त्याला काहीच झालं नाही. काळा कुणीतरी वरून हाताने फासलेला होता." त्याच्या जिवात जीव आला होता. "बाईंना सांगू, आतून चांगला माल निघालाय."

विठालाही क्षणभर तसंच वाटलं. तेवढ्यात मागचं दार उघडलं.

ईश्वरीबाई स्टेथोस्कोप गळ्यात घालून बाहेर आल्या होत्या. गाडीकडे पाहून त्या थांबल्या. रागाचे शब्द ऐकायला विठाने मान खाली घातली. पण बाई एकदम धावल्या, गाडीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि मडगार्डवरून ओघळणारं तेल पदरानं टिपायला लागल्या.

"पानी डालो," त्या म्हणाल्या. "इथे. दरवाजापर्यंत जाऊ देऊ नका. जल्दी, हिरामण."

हिरामणने पाणी ओतलं. बाई साबणाच्या फेसात हात घालून दाराची कड धूत होत्या. त्यांची पांढरी साडी काळी झाली. दवाखान्याच्या पायरीवर दोन-तीन पेशंट उठून उभे राहिले होते. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. मडगार्डचा निम्मा रंग गेला, पण दारापाशी तेल थांबलं. बाईंनी दारावरून तळवा फिरवला. रंग हाताला लागला नाही. तेव्हा कुठे त्या मातीतच मागे टेकून बसल्या.

"बाई, आत निळा चांगला आहे," हिरामण चाचरत म्हणाला. "सगळाच काळा काढला तर..."

"निळा मला माहीत आहे." बाईंचा आवाज कोरडा होता. "ही गाडी निळीच होती. आमच्या मोहल्ल्यात सगळे ओळखायचे. बंदरावर जाताना कुणी ओळखू नये म्हणून आमच्या यांनी ती काळी केली. घराच्या मागे, दोन दिवस बसून. मोठा ब्रश एकच मिळाला. कोपऱ्यांना दाढीचा ब्रश वापरला. मला बोटीवर बसवलं आणि अम्माला घेऊन येतो म्हणून परत गेले."

पुढचं विठाला ठाऊक होतं, सगळ्या बराकीला ठाऊक होतं. बाईंचे यजमान आलेच नाहीत. ते आहेत की नाहीत हेही कुणी कधी सांगितलं नाही.

विठा मघापासून घासत होती ते काय होतं, हे तिला आत्ता कळलं. खाली पाण्याच्या डबक्यात काळ्या पापड्या तरंगत होत्या. एका पापडीला ब्रशचा केस चिकटलेला होता.

"बाई, मला कामावरून काढून टाका," ती म्हणाली.

"तुला काढून रंग येणार आहे का?" बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. नंतर पाहिलं आणि म्हणाल्या, "हात दाखव."

शेंडीने आणि तेलाने विठाचे तळवे सोलवटून लाल झाले होते. बाईंनी तिला आत नेलं, साध्या पाण्याने हात धुतले, मलम लावून पट्ट्या बांधल्या. गाठ दोनदा सुटली. पट्टी बांधताना विठाला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, नुसता केसांतला भांग दिसत होता. बाई आवाज न करता रडत होत्या.

बाहेर हिरामणने सगळी फडकी आणि लगदे एका पाटीत गोळा केले होते. त्याने दारातूनच विचारलं, "ह्याचं काय करू?"

बाईंनी पाटीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "टाकून दे."

दुपारी अंबरनाथहून निरोप आला की एक बाई अडलेली आहे. ईश्वरीबाईंनी साडी बदलली, बॅग घेतली. "आज दुसरी गाडी बघू का?" असं हिरामणने विचारलं, तर त्यांनी मान हलवली. निळं बॉनेट आणि काळी पाठ असलेली ती गाडी बराकींच्या मधून निघाली. दुकानांतली माणसं माना वळवून बघायला लागली, पोरं मागे धावली. बाई समोर बघत ताठ बसल्या होत्या.

पुढे हिरामणने कॅम्पातल्या एका रंगाऱ्याला आणलं. तो म्हणाला, सगळी गाडी खरवडावी लागेल, नाहीतर रंगाला रंग जुळणार नाही. बाईंनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.